घरचा कॅमेरा आणि त्याची किल्ली

दिवाळीनंतर नंदुरबारला कधी गेला आहात काय? शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात. पाहावे तिकडे लालच लाल. ओली मिरची बाजारात येते, ती या मोकळ्या रानात वाळत पडते. नाकाला रुमाल लावल्याशिवाय तेथून जाता येत नाही.

पूर्वी अशा पथारीवर रात्री फक्त राखणदार असे. शेकोटी पेटवून तो बसे. कुत्रे भुंकले की काठी घेऊन उठे, चार आरोळ्या ठोकी. राखणदार आजही आहे. पण आता त्याच्या डोक्यावर खांबाला एक कॅमेराही लावलेला दिसतो. दुकानात कॅमेरा आहे, सोसायटीच्या गोदामात आहे, आणि आता खेड्यातल्या घराच्या ओसरीवरही आला आहे.

आमच्या वर्गात एक आजोबा लिहायला-वाचायला शिकायला येतात. त्यांनी एके दिवशी विचारले, "गुरुजी, हाऊ कॅमेरा चोरले धरस का?" म्हणजे, हा कॅमेरा चोराला धरतो का? सगळा वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. अनेक शिकलेल्या माणसांनाही याचे उत्तर नीट ठाऊक नसते.

कॅमेरा चोराला धरत नाही. चोराला पाहतो आणि लक्षात ठेवतो. तेही थोडेच दिवस. म्हणून दाराला कडी-कुलूप हवेच, कुत्रे असेल तर तेही असू द्या. कॅमेरा लावला म्हणून कुलूप काढून ठेवणारा मनुष्य आम्ही पाहिला आहे. त्याची मोटार पंपाची केबल गेली. चोर जाताना चित्रात स्पष्ट दिसतो. तोंडाला फडके बांधलेले आहे.

आता याची रचना पाहू. कॅमेरा म्हणजे डोळा. तो जे पाहतो ते वायरीने एका पेटीत जाते. तिला डी.व्ही.आर. म्हणतात. पेटीत एक चकती असते, तिच्यावर चित्र साठते. घरात एकच छोटा कॅमेरा असेल तर पेटी नसते. कॅमेऱ्याच्या पोटातच नखाएवढे मेमरी कार्ड असते. फोनवर चित्र पाहायचे असेल तर आणखी एक डबा लागतो, तो राऊटर. आपण त्याला वायफायचा डबा म्हणतो. त्याचे काम गावच्या पोस्टमनसारखे आहे. घरातल्या प्रत्येक फोनला, प्रत्येक कॅमेऱ्याला तो एक घर-नंबर देतो. बाहेरून आलेले पत्र बरोबर त्या घरी टाकतो.

पेटीत किती दिवसांचे चित्र राहते? हिशेब करून पाहू. गणित सोपे आहे. साधारण बरे चित्र देणारा एक कॅमेरा दिवस-रात्र चालला तर २४ तासांत सुमारे २१ जी.बी. जागा खातो. चार कॅमेरे असले तर ८४ जी.बी. पेटीतली चकती १ टी.बी.ची, म्हणजे १००० जी.बी.ची. १००० ला ८४ ने भागा. बारा दिवसही पुरे होत नाहीत. बाराव्या दिवशी पेटी काय करते? पहिल्या दिवसाचे पुसते आणि त्यावर नवे लिहिते. पाटीसारखे. म्हणून चोरी झाल्याचे कळले की त्याच दिवशी चित्र काढून घ्या. "लग्न आटोपलं की बघू" असे म्हणाल तर पाटी पुसलेली सापडेल.

फोनवर सतत चित्र पाहत बसलात तर तासाला सुमारे १ जी.बी. डेटा जातो. ज्याला दिवसाला दीड जी.बी. मिळतो त्याने गोठ्यातल्या म्हशीकडे दीड तास पाहिले की त्या दिवसाचे इंटरनेट संपले. साठवणीला मात्र डेटा लागत नाही, ती घरातच होते. शेतात वायफाय नसते, तेथे सिमकार्डावर आणि सूर्याच्या पाट्यावर चालणारा कॅमेरा मिळतो. तो लावण्याआधी त्या जागी फोन घेऊन जा आणि रेंज आहे का ते पाहा. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात एका टेकडीवर रेंज असते आणि पायथ्याशी नसते, हे तुम्हांला आम्ही काय सांगावे!

राऊटर कोठे ठेवावा? उंचावर, घराच्या मधोमध, मोकळ्या जागी. कुडाची भिंत त्याच्या लहरी सहज ओलांडतात. विटांच्या भिंतीत थोड्या कमी होतात. लोखंडी पत्रा, कपाट, धान्याची कोठी, पाण्याची टाकी यांच्यापुढे त्या थांबतात. लहरी दोन जातींच्या असतात. एक दूर जाते पण संथ, दुसरी वेगवान पण जवळच विरते. घरचे बहुतेक कॅमेरे पहिलीवर चालतात. कॅमेरा जोडता येत नसला तर बहुधा येथेच घोटाळा असतो. जमेल तेथे वायरच टाकावी असे आमचे मत आहे. जाळ्याची चांगली वायर एका दमात १०० मीटरपर्यंत चित्र नेते, आणि काही कॅमेऱ्यांना वीजही तिच्यातूनच मिळते.

येथवरचे सारे दुकानदारही सांगतो. यापुढचे तो सहसा सांगत नाही. ते आम्ही स्वतःच्या अनुभवाने शिकलो, आणि शिकताना आमची मान खाली गेली.

निवृत्त झाल्यावर मुलाच्या आग्रहाने आम्ही अंगणात कॅमेरा लावला. एक तरुण कारागीर आला. हुशार, कामसू मुलगा. त्याने तासाभरात काम केले. आमच्या फोनमध्ये चित्र दाखवले. "गुरुजी, पासवर्डचं टेन्शन घेऊ नका, मी सगळं सेट केलंय," असे म्हणून तो गेला. आम्ही त्याला चहा पाजला, आशीर्वाद दिला.

आठ महिने गेले. एका दुपारी त्याचा फोन आला. तो तेव्हा दुसऱ्या गावी कामाला गेला होता. म्हणाला, "गुरुजी, तुमच्या अंगणात बकऱ्या शिरल्यात. तुळस खाताहेत. हाकला लवकर!"

आम्ही धावत गेलो. खरेच, दोन बकऱ्या वृंदावनाशी उभ्या होत्या. हाकलल्या. आम्हांला त्या मुलाचे कौतुक वाटले. किती लक्ष ठेवतो हो आपल्या घरावर! आत येऊन आम्ही ते घरच्या मंडळींना सांगितले. त्या धान्य निवडत होत्या. त्यांचा हात सुपात थांबला. थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अहो, म्हणजे हा मुलगा आठ महिने आपलं अंगण बघतोय?"

आमच्या अंगणात त्या केस वाळवत बसतात. सुना आल्या की तेथेच नातवंडांना न्हाऊ घालतात. उन्हाळ्यात सारे घर अंगणात झोपते.

आम्ही त्या मुलाला विचारले. तो खजील झाला. त्याच्या मनात वाईट नव्हते, असे आम्हांला आजही वाटते. झाले होते एवढेच की कॅमेऱ्याचे खाते त्याने स्वतःच्या फोन नंबरावर उघडले होते आणि आम्हांला त्यातले पाहण्यापुरते दार उघडून दिले होते. घर आमचे, कॅमेरा आमच्या पैशाचा, आणि मालक तो. सुनेने त्या दिवसापासून अंगणात येणे सोडले. कॅमेरा काढला तरी महिनाभर आली नाही. चाळीस वर्षे मुलांना शिकवले, "परक्याच्या हाती किल्ली देऊ नये," आणि स्वतः चहा पाजून दिली.

आता तुम्ही म्हणाल, एका मुलाने अंगण पाहिले, त्यात एवढे काय? तर दुसरी गोष्ट ऐका. गुजरात आपल्याला परका नाही. नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. त्याच गुजरातेत राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातले चित्रण बाहेर फुटल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये उघडकीस आले. तपासणीच्या खोलीतल्या स्त्रियांची ती चित्रे होती. ती इंटरनेटवर पैसे घेऊन विकली जात होती. चोरांनी भिंत फोडली नव्हती. कॅमेऱ्यांचा परवलीचा शब्द 'अ‍ॅडमिन१२३' असा होता, असे तपासाच्या बातम्यांत आले. असा शब्द कारखान्यातून येतो आणि तो साऱ्या जगाला माहीत असतो.

परवलीचा शब्द म्हणजेच पासवर्ड. पहारेकरी अंधारात विचारतो, "कोण आहे?" ठरलेला शब्द सांगितला तर आत सोडतो. कॅमेराही तसाच आहे. शब्द बरोबर आला की तो माणूस ओळखत नाही, सरळ दार उघडतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये तर याहून मोठा प्रकार झाला. 'मिराई' नावाचा एक संगणकी कीडा जगभर फिरत होता. त्याच्याजवळ कारखान्यांच्या सुमारे साठ जोड-शब्दांची यादी होती. प्रत्येक कॅमेऱ्याच्या दारी जाऊन तो एकेक शब्द लावून पाही. अशा रीतीने लाखो कॅमेरे आणि पेट्या त्याने वश केल्या आणि त्यांच्याकडून एकाच वेळी मोठमोठ्या यंत्रणांवर हाका मारवल्या. अमेरिकेतल्या अनेक नामांकित वेबसाइट त्या दिवशी काही तास बंद पडल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता.

मग काय करावे? पहिली गोष्ट, खाते आपल्या स्वतःच्या फोन नंबरावर, आपल्या हाताने उघडावे. कारागिराने शेजारी बसून सांगावे, बोट आपले असावे. तो गेल्यावर त्याच दिवशी परवलीचा शब्द बदलावा. कारागीर आपला भाचा असला तरी बदलावा. त्यात राग मानण्यासारखे काही नाही. घर विकत घेतल्यावर आपण कुलूप बदलतोच ना?

दुसरी गोष्ट, किल्ल्या एक नव्हे, तीन असतात. वायफायची एक, राऊटरच्या आतल्या कारभाराची दुसरी, कॅमेऱ्याची तिसरी. पुष्कळ लोक पहिली तेवढी बदलतात. राऊटरची आतली किल्ली डब्याच्या पाठीवर छापलेली असते. तीही बदलून घ्या. कॅमेऱ्याच्या बुडाशी ठिपक्यांचा चौकोन असतो, त्याचा फोटो कोणाला पाठवू नका.

शब्द कसा असावा? मुलाचे नाव नको, जन्मसाल नको, फोन नंबर नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या. जसे, पळस, रेल्वे, ताक, कंदील. इंग्रजी अक्षरांत लिहावे लागतात, पण शब्द आपलेच असू द्या. आणि आम्ही दिलेले हेच चार घेऊ नका, ते आता छापले गेले! शब्द कोठेही लिहून ठेवू नये असे काही जण सांगतात. आमचे मत निराळे आहे. वहीत लिहा आणि वही पेटीत ठेवा. सातासमुद्रापलीकडचा चोर तुमच्या घरची पेटी उघडायला येत नाही. विसरण्याच्या भीतीने सोपा शब्द ठेवण्यापेक्षा हे बरे. लिहायला शिकलात त्याचा हाही एक उपयोग.

आपल्या जिल्ह्याला या गोष्टी समजणार नाहीत असे कोणी म्हणू नये. शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. तेव्हा आम्ही नोकरीत होतो. पुढे लोक हळूहळू शिकले की आधारचा आकडा ही माणसाची ओळख आहे आणि फोनवर येणारा ओ.टी.पी. ही किल्ली आहे. कॅमेऱ्याच्या नावाने कोणी फोन करून ओ.टी.पी. मागितला तर देऊ नये. फसून पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे.

तिसरी गोष्ट ओट्याची. पाहुणा आला तर आपण त्याला ओट्यावर बसवतो, एकदम माजघरात नेत नाही. राऊटरमध्येही असा ओटा करता येतो. त्याला पाहुण्यांचे वायफाय म्हणतात. कॅमेरे त्या ओट्यावर जोडा आणि बँकेचे काम करणारा फोन माजघरात ठेवा. एखादा कॅमेरा चोराने फोडलाच तरी तो माजघरात येऊ शकत नाही. कारखाना कॅमेऱ्यासाठी अधूनमधून सुधारणा पाठवतो, तीही घेत जा. आणि फार स्वस्त, बिननावाचा माल घेऊ नका. एप्रिल २०२५ पासून नव्या कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा-तपासणी लागू झाली आहे. "हा तपासलेला आहे का?" असे दुकानदाराला विचारा आणि पक्की पावती घ्या.

कॅमेऱ्याचे तोंड कोणीकडे असावे, यावर आमच्याकडे तंटेही येतात. एका गल्लीत एकाने ओसरीवर कॅमेरा लावला, त्यात शेजाऱ्याची न्हाणी दिसे. न्हाणीला वर छप्पर नव्हते. शेजारीण पहाटे अंधारात आंघोळ उरकू लागली. तिने तोंडाने काही सांगितले नाही, कोणाला सांगणार? अंधारातही कॅमेऱ्याला दिसते, हे तिला ठाऊक नव्हते. तिच्या शाळकरी मुलीने ते वाचले आणि मग भांडण आमच्यापर्यंत आले. आम्ही कॅमेरा दोन वितीने फिरवला, प्रश्न मिटला. कायदाही याबाबत कडक आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ई कलमाप्रमाणे कोणाच्या खाजगी अंगाचे चित्र त्याच्या संमतीवाचून जाणूनबुजून घेतले तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. मुलगा सुरतेला असतो, म्हाताऱ्या आईबापांची काळजी वाटते, म्हणून घरात कॅमेरा लावतो. हेतू चांगला. पण त्याच घरात त्याची बायकोही असते. तिला विचारले होते का?

आता विजेकडे वळू. चोरापेक्षा वीजच जास्त यंत्रे खाते. घरात वीज २३० व्होल्टची यायला हवी. शेतीपंप चालू झाले की ती मंद होते, आणि गेलेली वीज परत येताना झटका देते. खांबावरची न्यूट्रल तार तुटली तर घरात ४०० पर्यंतही व्होल्ट येऊ शकतात. मग पंखा, टी.व्ही., राऊटर एकदम जळतात. यावर उपाय म्हणजे अर्थिंग. जमिनीत खड्डा, त्यात नळी, भोवती कोळसा आणि मीठ. परवानाधारक वायरमनकडून करून घ्या आणि उन्हाळ्यात तिला पाणी घालत जा. बाजारात झटका झेलणाऱ्या पट्ट्या मिळतात. पण अर्थिंग नसेल तर ती पट्टी झटका टाकणार कोठे? तीन पिनांपैकी जाड पिन मोडून टाकण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. ती पिन अर्थिंगचीच असते.

आकाशातली वीज आणखी निराळी. ती झाडावर पडली तरी जवळून गेलेल्या तांब्याच्या वायरीत शिरते. अंगणातल्या खांबावरून पेटीपर्यंत आलेली कॅमेऱ्याची वायर म्हणजे तिला घरात येण्याची पायवाट. म्हणून नुसता प्लग काढून भागत नाही. पेटीला आणि राऊटरला जोडलेली वायरही काढावी. काचेच्या धाग्याची केबल असेल तर त्या धाग्यातून वीज येत नाही, पण डब्याचा प्लग काढावाच. हे सारे ढग जमू लागताच करायचे. डोक्यावर कडकडाट सुरू झाल्यावर वायरीला हात लावू नका. वीज चमकली की आकडे मोजा. दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस मोजण्याआधी आवाज आला तर वीज दहा किलोमीटरांच्या आत आहे. मग राऊटर जळाला तरी जळो, दूर राहा. पुण्याच्या हवामान संस्थेने 'दामिनी' नावाचे ॲप काढले आहे, ते जवळपास वीज पडण्याचा इशारा फोनवर देते.

राहिली बारीकसारीक निगा. कॅमेऱ्यावर उन्हाचा छोटा पत्रा हवा. मे महिन्यात आपल्याकडे माणूस सावली शोधतो, तर यंत्राला का नको? पेटी बंद कपाटात कोंडू नका. बाहेरची वायर घरात घेताना छिद्राआधी तिला खाली झोल द्या, म्हणजे पावसाचे पाणी झोलातून टपकते, भिंतीत शिरत नाही. उंदरांसाठी वायर नळीतून न्या. रात्री चित्र पांढरे-धुरकट दिसू लागले तर कॅमेरा बिघडला म्हणून कारागिराला बोलावू नका. आधी पाहा, बहुधा कोळ्याने जाळे विणलेले असते. कॅमेऱ्याच्या रात्रीच्या दिव्याला किडे जमतात आणि किड्यांमागे कोळी येतो. मऊ ओल्या फडक्याने पुसले की झाले. पथारीवाल्यांनी मात्र दर आठवड्याला पुसावे. मिरचीची धूळ काचेवर बसते, आणि ती पुसून तोच हात डोळ्याला लावाल तर कॅमेऱ्याला दिसेल, तुम्हांला नाही.

आमच्या घरी आता पुन्हा कॅमेरा आहे. खाते आमच्या नावावर आहे, शब्द वहीत आहे, वही पेटीत आहे. तोंड फक्त फाटकाकडे. कोठवर दिसते ते घरच्या मंडळींनी स्वतः फोनमध्ये पाहिले, मग खिळा ठोकला. अंगण त्यात येत नाही. गेल्या पावसाळ्यात मागच्या कुंपणातून बकऱ्या पुन्हा शिरल्या. या वेळी कोणाचाच फोन आला नाही. तुळस बुडख्यापर्यंत खाल्ली.